दगडाखालचा कोळसा

चावडीवर पटवारी काकासाहेबांनी हुकूम वाचून दाखवला, तेव्हा कचरूच्या कानात एकच शब्द राहिला: मोजणी. आजपासून नवव्या दिवशी भोकरदनहून तहसिलीचा मोजणी अधिकारी, गिरदावर, येणार, साखळी टाकणार, आणि बद्रीनाथ-कचरू या भावांच्या आणि रखमाजीच्या शेतामधली हद्द कायमची ठरवून जाणार. रखमाजीनं तसा अर्ज केला होता. हद्दीचा दगड या भावांच्या बापानं, धर्मराजनं, सरकवला असं त्याचं म्हणणं होतं.

चावडीतले लोक हसले. रखमाजीचा बाप भिकाजीही हेच म्हणत म्हणत मेला होता. बद्रीनाथ मात्र हसला नाही. तो धोतर झटकून उठला आणि जाता जाता धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "त्या दिवशी तू घरीच ऱ्हाय. मी बघतो काय ते."

हात क्षणभरच टेकला. पण तीन वर्षांत तो पहिल्यांदाच टेकला होता.

चार वर्षांपूर्वी कचरूच्या पायात नारू झाला होता. पूर्णेकाठच्या त्या गावात नारू कुणाला व्हायचा नाही? पण कचरूच्या नारूचा जंत ओढून काढताना आत तुटला, पाय मांडीपर्यंत सुजला, आणि त्याला बैलगाडीत घालून जालन्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिथं तो अडीच महिने पडून होता. जखम धुणारा एक म्हातारा कंपाउंडर रोज येशूच्या गोष्टी सांगायचा. पहिले पंधरा दिवस कचरूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तो ऐकायला लागला, मग विचारायला. पाय बरा झाला, घरी आला, आणि वर्षानं बाप्तिस्मा घेतला. साऱ्या गावात शेतकऱ्याच्या घरचा तेवढा एकच किस्तान. बद्रीनाथनं घराच्या मधोमध भिंत घातली. जमीन तेवढी बापाच्या नावावरून दोघांच्या नावावर एकत्र चढली होती, ती तशीच राहिली.

बाप्तिस्मा एका सकाळीत झाला. स्वभावाला वेळ लागला. दारू सुटली ती दोनदा परत धरून सुटली. तुळजाबाईवर, म्हणजे बायकोवर, हात उचलणं सुटलं. कापूस विकायला नेताना वजन वाढावं म्हणून वरून पाणी मारायची गावाची रीत होती, तीही त्यानं सोडली. छत्तिसाव्या वर्षी तो बोट ठेवून ठेवून वाचायला शिकला. त्याला शिकवणारे पुंजाराम मास्तर केदारखेड्याचे, जातीनं महार. त्यांच्या घरी भाकर खायला कचरूला दोन वर्षं लागली. पहिला घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मास्तरांनी ते न बघितल्यासारखं केलं होतं.

एवढं सगळं झालं, तरी बाप्तिस्म्याच्या वेळी पापं कबूल करताना एक गोष्ट तो बोलला नव्हता. ती बापाची गोष्ट आहे, आपली नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

गोष्ट अशी. कचरू तेव्हा सोळा वर्षांचा होता. पाटलाच्या लेकीचं लग्न, सारा गाव मांडवात, भर दुपार. धर्मराजनं दोन्ही पोरांना शेतात नेलं, कचरूच्या हाती पहार दिली आणि हद्दीचा दगड उपटला. दगडाखालच्या खड्ड्यात कोळसा आणि खापराचे तुकडे निघाले. जुन्या मोजणीवाल्यांनीच ते पुरले होते, दगड हलला तरी जागा कळावी म्हणून. धर्मराजनं त्यावर माती लोटली आणि दगड तीस पावलं पलीकडे, भिकाजीच्या रानात, नेऊन रोवला. भिकाजीनं बोंब मारली. पंच बसले. धर्मराजनं महादेवाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि भिकाजी खोटा ठरला. त्यानंतर तो चावडीवर कधी आला नाही. बांधावर गावाकडे पाठ करून बसायचा. दोन वर्षांनी गेला.

पूर्णेच्या एका पुरात नदीकडचा दुसरा दगडही वाहून गेला. आता साऱ्या मोजणीची भिस्त या एका दगडावर होती. आणि तो मूळचा कुठं होता हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी कचरू केदारखेड्याला गेला. पुंजाराम मास्तर अंगणात वाखाचा दोर वळत बसले होते. कचरूनं सगळं सांगितलं. मास्तरांच्या हातातला दोर थांबला.

"सध्या गप ऱ्हायलं तर?" कचरू म्हणाला. "पुढं कवातरी, दादाला समजावून..."

"माझ्याकडून होय म्हनवून घ्यायला आलास काय, कचरूभाऊ?"

कचरू अंगणातला सुटा वाख गोळा करायला लागला.

"मी काईच सांगनार न्हाई," मास्तर म्हणाले. "माझ्या सात पिढ्यांत कुनाला जमीन न्हाई. ती सोडताना काय होतं ते मला कसं ठाव असनार? आन् खरं बोलू का? मला भ्याव वाटून राह्यलंय. तू बोललास तर तुझा भाऊ आधी मलाच गाठील. म्हनल, ह्यानंच फितवलं." त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला. "पन तू रोज सकाळी प्रार्थना करतोस. तिथं रखमाजीचं नाव घेतोस काय?"

"रखमाजीचं?" कचरू चमकला. बाप्तिस्म्यानंतर याला गावाच्या आडाचं पाणी बंद करा म्हणून गावात पहिला ओरडला तो रखमाजीच. कचरूच्या गोठ्यात मेलेलं कुत्रं टाकणाराही तोच.

"नुसतं नाव घे. बाकीचं नको बोलू."

दुसऱ्या दिवशी उगवतीला कचरू गोठ्यामागं गुडघे टेकून बसला. बायकोचं नाव घेतलं, लेकरांचं घेतलं, बैलांसाठीही मागितलं. रखमाजी म्हणायला गेला, तर तोंडातून शिवी आली. तो तसाच उठून कामाला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाव निघालं, पण दात खाऊन. सहाव्या दिवशी नाव घेतल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं रखमाजी आलाच नाही. बांधावर पाठ करून बसलेला भिकाजी आला. त्या दिवशी कचरूला भाकर गेली नाही.

संध्याकाळी त्यानं तुळजाबाईला सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. नवऱ्याच्या देवाला ती नावं ठेवत नसे, पण त्याच्या प्रार्थनेला बसतही नसे.

"किती जाईल?" तिनं विचारलं.

"पाऊन एकर. काळीभोर."

"आन् भासरे?" तिनं थोरल्या दिराबद्दल विचारलं.

"दादा सोडनार न्हाई."

तुळजाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "तुमचा देव तुमच्यापाशी, लेकरं माझ्यापाशी. ती काय खातील ते त्याला इचारलं काय?"

कचरू उठून बैलांपुढं कडबा टाकायला गेला.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी बद्रीनाथ भिंतीला वळसा घालून अंगणात आला. पाणी घे म्हटलं तर मानेनंच नाही म्हणाला. उभ्यानंच बोलला.

"तू केदारखेड्याला गेल्तास म्हनं."

"गेल्तो."

"उद्या येनारंस?"

"येनार."

बद्रीनाथचा चेहरा दगडासारखा झाला. "कचरू, बापाला भर गावात चोर म्हननारंस? त्याला आता जबाबबी देता येत न्हाई."

"भिकाजीलाबी येत न्हाई, दादा."

बद्रीनाथनं इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यातली पहार उचलली, टिकाव उचलला, फावडं उचललं. "ही औजारं बापाची. माझ्याकडं ऱ्हातील. आन् ऐक, उद्या तिथं आलास तर माझा भाऊ म्हनून येऊ नको. मी धाकटं-थोरलं बघनार न्हाई."

तुळजाबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

सकाळी कचरू रिकाम्या हातानं निघाला. उंबरा ओलांडतो तोच मागून हाक आली, "थांबा." तुळजाबाई कडब्याच्या गंजीकडे गेली, पेंढ्या बाजूला केल्या आणि कुदळ ओढून काढली.

"कालच लपवली. भासरे औजारं न्यायला यायच्या आधीच, चावडीवर गेल्ते तवा."

कचरूनं कुदळ हातात घेतली.

"तुमी जानार हे मला ठाव होतं. हातानं उकरत बसाल, मंग बोटं कोन बांधील?" ती चिडून म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागं चालायला लागली.

शेतात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. वैशाखाचं ऊन डोक्यावर चढत होतं. गिरदावर तट्टावरून उतरून बाभळीच्या सावलीत बसला होता. उतारवयाचा, दाढी राखलेला, कंटाळलेला माणूस. काकासाहेब कागद धरून शेजारी. रखमाजी एका बाजूला, एकटाच. बद्रीनाथ दुसऱ्या बाजूला नांगरटीत उभा, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा. कचरूला पाहून तो हलला नाही.

गिरदावरनं आधी बद्रीनाथला विचारलं, "पत्थर किसीने हिलाया?"

"न्हाई साहेब. बापजाद्यापासून हितंच."

मग कचरूला. "तू भी बोल. सच बोल."

समोर बद्रीनाथ. बाजूला रखमाजी, डोळ्यांत तीच जुनी आग. आता नुसतं 'हितंच' म्हटलं की सगळं मिटणार होतं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो दगड हितला न्हाई. माझ्या बापानं सरकवला. मी आन् दादा संगं होतो. पहार मीच धरली होती."

मग बद्रीनाथचा आवाज आला, शांत. "किस्तान झाल्यापासून ह्याचं डोकं ठिकान्यावर न्हाई, साहेब. सारा गाव जानतो."

आणि नवल असं की रखमाजीही ओरडला, "साहेब, ह्यो ह्या भावांचा नवा डाव हाय! भलतीच जागा दाखवतील आन् उरलेलं रानबी खातील!"

गिरदावरनं हात वर केला. "बाता बस. सबूत क्या है?"

"खाली कोळसा हाय," कचरू म्हणाला. "जुन्या मोजनीचा. मी डोळ्यानं बघितला हाय."

"निकालके दिखा."

कचरूनं दगडापासून मोजून तीस पावलं टाकली. पण सोळा वर्षांच्या पोराची तीस पावलं आणि आताची तीस पावलं एक नव्हती. खूण म्हणून जी बोर होती ती कधीच तोडली गेली होती. त्यानं अंदाजानं कुदळ घातली. हात, दोन हात खणलं. नुसती काळी माती. कुणीतरी हसलं. त्यानं चार पावलं सरकून दुसरा खड्डा घेतला. पाठीवरून घाम धारेनं वाहत होता, नारूचा जुना पाय ठणकत होता. तिथंही काही नाही. लोक उघड हसायला लागले. रखमाजी म्हणाला, "बघा, म्हनलं नव्हतं?"

गिरदावर उठला. कागद बांधायला सांगितले. "वक्त जाया कर रहा है."

कचरू खड्ड्यात उभाच राहिला. प्रार्थना सुचेना. डोकं रिकामं झालं होतं. त्यानं नुसती मान वर केली, तर समोर बद्रीनाथ. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं की बद्रीनाथ सकाळपासून जिथं होता तिथंच आहे. सावलीत गेला नाही. साहेबापुढं झाला नाही. पाणी प्यायलाही हलला नाही.

"दादा," कचरू म्हणाला. आवाज इतका हळू होता की पुढच्यांनाच ऐकू गेला. "पाय काढ."

बद्रीनाथच्या कपाळावरची शीर उडाली.

"तू त्या जागेवरच हुबा हायस, दादा. पाय काढ."

दोघांमध्ये सहा-सात पावलांचं अंतर होतं. कचरू कुदळ घेऊन पुढं झाला. तुळजाबाई मागून ओरडली. कचरूनं कुदळ उचलली ती बद्रीनाथच्या पायापासून वीतभर अंतरावर मारायला. तेवढ्यात दांडा फिरला आणि उजव्या हाताच्या कोपरावर बसला. कडाड आवाज साऱ्यांना ऐकू गेला. कचरू गुडघ्यावर आला. दांडा पुन्हा वर गेला. पण यावेळी गिरदावरसोबत आलेल्या दोन शिपायांनी बद्रीनाथला मागून धरलं आणि ओढत बाजूला केलं.

जागा मोकळी झाली. कचरूनं डाव्या हातानं कुदळ धरायचा प्रयत्न केला, ती निसटली. कुणी पुढं येईना.

मग रखमाजी आला. त्यानं कुदळ उचलली आणि वेड्यासारखा खणायला लागला. एक हात माती निघाली, दीड हात निघाली. कुदळीला खापर लागलं. रखमाजीनं ती फेकली आणि हातांनी माती उपसली. ओंजळ वर आली ती काळ्या कुळकुळीत कोळशाची.

बोटांच्या फटींतून भुकटी गळत होती. गिरदावरनं टोपी काढून घाम पुसला आणि काकासाहेबांना म्हणाला, "लिखो."

कचरू मातीतच बसला होता, तुटका हात मांडीवर धरून. "रखमाजी," तो म्हणाला, "चुकलो. तवाच बोलाया पायजे होतं. मला माफ कर."

रखमाजीनं मान वळवली. त्याचा चेहरा बघून तुळजाबाई पुढं सरकली.

"माफ?" रखमाजी म्हणाला. "माझा बाप तोंड लपवून मेला. त्याला आन माघारी. मंग बघतो माफीचं." हातातला कोळसा त्यानं कचरूच्या अंगावर भिरकावला आणि गावाकडे चालता झाला.

त्या दिवशी कचरूनं देवाकडे एकच तक्रार केली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं त्यानं ऐकलं होतं, आणि त्याला हलकं वाटत नव्हतं. हात दुखत होता, भाऊ गेला होता, आणि ज्याचं त्यालाच दिलं त्यानं अंगावर कोळसा फेकला होता. हाडवैद्यानं हात बांधला तो वाकडाच जुळला. बद्रीनाथनं आठ दिवसांत वाटणी करून घेतली. बैल आणि वरचं रान त्याच्याकडे गेलं, नदीकडची खडकाळ पट्टी कचरूकडे आली. नव्या हद्दीच्या कागदांसाठी तहसिलीच्या खेपा दोघा भावांनाही पडल्या.

पुंजाराम मास्तर भेटायला आले. उपदेश न करता बसून राहिले आणि उठताना म्हणाले, "मला वाटलं होतं तू बोलनार न्हाईस. ते पाप माझं."

पेरणीचे दिवस आले. पाऊस पडून वाफसा झाला, गावातली सगळी तिफणं रानात गेली. कचरूकडे बैल नव्हते आणि तिफण धरायला धड हात नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी रखमाजीची बायको साळूबाई बैलजोडी हाकत आली, मागं तिफण.

"त्यांनी धाडलंय," ती तुळजाबाईला म्हणाली. "म्हनले, आज न्हाई पेरलं तर वाफसा जाईल. बाकी काई इचारू नका. त्येंच्याशी बोलायलाबी येऊ नका."

कचरू बोलायला गेला नाही. साळूबाई आणि तुळजाबाईनं मिळून पट्टी पेरली. पुढं तीन वर्षं रखमाजी वाटेत दिसला तर मान फिरवायचा. चौथ्या वर्षी त्यानं राम राम घातला. तेवढंच. त्यापुढं ते गेलं नाही.

मोजणीच्याच वर्षी, दिवाळीनंतर, तुळजाबाई एका सकाळी आपण होऊन गोठ्यामागं आली आणि नवऱ्याशेजारी बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "साऱ्यांची नावं झाली. भासऱ्यांचं का न्हाई घेत?"

कचरूचा वाकडा हात नकळत छातीशी गेला. "जमत न्हाई," तो म्हणाला.

"मंग मी घेते." तिनं घेतलं. पुढं किती महिने तीच घेत राहिली. कचरूच्या तोंडी ते नाव यायला आणखी दीड वर्ष लागलं. तुळजाबाईचा बाप्तिस्मा त्याच्या आधी झाला.

मग रझाकारांचं वर्ष आलं. निजामाविरुद्ध काम करतो म्हणून बद्रीनाथचं नाव कुणीतरी ठाण्यात दिलं होतं. पेरणीच्या तोंडावर, अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये, तो बायकापोरांसह सरहद्द ओलांडून बुलढाण्याकडे निघून गेला. जाताना कुणाला काही बोलला नाही. सकाळी कचरू अंगणात आला तर दावणीला दादाचे दोन्ही बैल बांधलेले. गावात एवढी घरं असताना ते इथं बांधले होते.

कचरूनं त्या बैलांनी आधी दादाचं रान पेरलं, मग आपलं. रझाकार दोनदा येऊन विचारून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी बंदुकीचा दस्ता कचरूच्या बरगडीत मारला. भाऊ कुठं गेला ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले.

दसऱ्याला बद्रीनाथ परतला. निजामाचं राज्य तोवर गेलं होतं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. तो अंगणात येऊन उभा राहिला. तुळजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेऊन त्यानं घटाघटा रिकामा केला. कचरूच्या वाकड्या हाताकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. मग दावणीपाशी जाऊन तांबड्या बैलाच्या पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला.

"ह्याला काय चारलं रे?" तो म्हणाला. "लई माजलाय."

"कडबाच," कचरू म्हणाला. "बस, दादा. भाकर होतीया."

बद्रीनाथनं बैलाच्या गळ्यातलं दावं सैल केलं. मग अंगणातल्या बाजेवर येऊन बसला.